अनुसयाबाईचा कापूस आणि आमचा नाला

नाल्यात काय काय सापडतं हो, असं लोक मला अजूनही विचारतात. मी सांगतो, गाळ सापडतो आणि किस्से सापडतात! गाळ ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेर टाकता येतो. किस्से मात्र साचत जातात, आणि चार मित्र बसले, चहा आला, की आपोआप वर येतात.

दिग्रस आणि पुसदच्या मधल्या आमच्या गावात मी नगरपालिकेचा ओव्हरसीयर होतो. घरात सगळे कारकून नाहीतर मास्तर. पोरगा इंजिनिअर झाला म्हणून आईनं आळीभर पेढे वाटले, आणि पोरगा पहिल्याच दिवशी गुडघाभर नालीत! कापसाच्या भावानं मान टाकली होती, ती ही वर्षं. भाव येईल, भाव येईल म्हणून लोक घराघरांत कापूस भरून बसलेले. गावाच्या मधोमध नाला, नाल्याला लागून खालची गल्ली, आणि दर पावसाळ्यात त्या गल्लीत ठरलेलं पाणी.

त्यातल्या एकाच वर्षाचे हे किस्से.

*

खालच्या गल्लीत नाल्याला अगदी चिकटून अनुसयाबाईचं घर. साठीची बाई, आवाज मात्र थेट जिनिंगच्या भोंग्याचा. दर सोमवारी ती कचेरीत यायची आणि मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलासमोर ठाण मांडायची. साहेब पुण्याकडचे, नवे, अतिशय सज्जन.

"बाई, नालेसफाईचा प्रस्ताव वर गेलाय," साहेब म्हणाले.

"परस्ताव गेला वर, अन् पानी येईन खाली. दोघाची गाठ कुठी पडन जी?"

साहेब हसले. मग बाईनं पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "माह्या पुढच्या खोलीत आढ्यापावतर कापूस हाय. नाला आत शिरला त सारं वरीस पान्यात!"

कापूस म्हटल्याबरोबर साहेब ताडकन उभे! त्या दिवसांत कापसाचं काही वाईट झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर. 'नगरपालिकेच्या नाल्यात वृद्धेचा कापूस बुडाला' हे शब्द त्यांना भिंतीवर दिसायला लागले असावेत. दोन वर्षं वर गेलेला प्रस्ताव चार दिवसांत खाली आला.

*

काम देवसिंग मुकादमाकडे. देवसिंग बाजूच्या तांड्यावरचा. सगळ्या पोक्त बायांना तो आपल्या बोलीत 'याडी' म्हणायचा, म्हणजे आई. अनुसयाबाईला त्यानं शब्द देऊन टाकला, "याडी, पानी तुह्या उंबऱ्याच्या आत येनार नाही." मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, असे शब्द देऊ नये. पण देऊन झाला होता.

पहिल्या दिवशी उतार मोजायचा होता. साहेब स्वतः लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावून बसले. आकडे घेतले, गुणाकार-भागाकार झाला, आणि उतार पूर्वेला निघाला. देवसिंगनं एक बादली पाणी नाल्यात ओतलं. पाणी निवांतपणे पश्चिमेला निघून गेलं!

"असं कसं? दुर्बीण खोटी आहे का?" साहेब म्हणाले.

"दुर्बीन खरी हाय जी. पन पान्यानं कुठी दुर्बीनीतून पाह्यलं?"

मोजपट्टी उलटी धरली गेली होती, हे पुढे कळलं. कोणी धरली होती ते मी सांगणार नाही. पण तिथं आम्ही तिघंच होतो, एक दुर्बिणीवर होता आणि एकाच्या हातात बादली होती!

*

नाल्यात निम्म्याच्या वर पऱ्हाटी भरलेली. कापूस वेचून झाल्यावर झाडाच्या ज्या वाळलेल्या काड्या उरतात, ती पऱ्हाटी. चुलीला चांगली, म्हणून गल्लीवाल्यांनी काठावर रचलेली आणि ती घसरून आत पडलेली. आम्ही दवंडी दिली, नोटिसा चिकटवल्या. घरोघरी एकच उत्तर, "आमची नोय जी, दुसऱ्याची असन."

देवसिंगनं उरलेली एक नोटीस काठावर अंथरून तिच्यावरच बूड टेकलं आणि जोरात ओरडला, "ठीक हाय! बेवारस हाय त मी तांड्यावर घेऊन जातो. बैलबंडी आनाले सांगतली!"

तासाभरात नाला साफ! सकाळी जिला एक वाली नव्हता, त्या पऱ्हाटीला दुपारी सात मालक निघाले, आणि "ही माही, ती तुही" करत दोघांची जुंपलीसुद्धा. बंडी आलीच नाही. कारण ती सांगितलीच नव्हती.

*

पऱ्हाटीच्या खाली गाळ, आणि गाळात कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या. पोती भरली! प्रत्येक पिशवीवर नारळाएवढं टपोरं बोंड छापलेलं, रंग जसाच्या तसा. त्या साली अर्ध्या गावाची बोंडं अळीनं खाल्ली होती. देवसिंगनं एक पिशवी धुतली, उन्हात धरली आणि म्हणाला, "वावरात नाही पिकलं साहेब, पन नाल्यात माल झकास आला!"

साहेबांना हसावं की नाही कळेना. सगळ्यात मोठ्यानं हसला तो देवसिंगच्या गँगमधला मजूर, ज्यानं स्वतः तेच बियाणं पेरलं होतं. मग आम्हीही हसलो. वाईटही वाटलं, आणि हसलो.

*

जूनमध्ये एक दिवस पाऊस असा कोसळला की नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या फरशी पुलावरून, पाणी जायला लागलं. साहेब कोणाला न सांगता, छत्री घेऊन, पाणी पाहायला रपट्यावर चालत गेले. लांबून देवसिंगनं पाहिलं. त्यानं धावत जाऊन किराणा दुकानातून कचेरीत फोन लावला. लाईनवर नुसती खरखर. त्याला विचारायचं होतं, साहेब तिकडे का गेले?

"हॅलो! रपट्यावर साहेब काहून गेले?"

कचेरीतल्या बाबूनं ऐकलं, "रपट्यावर साहेब वाहून गेले!"

झालं! बाबू खुर्चीवरून पडायचाच बाकी. अर्ध्या तासात कचेरीच्या आवारात दोर घेऊन पोहणारे आले, पोलीस आले, नगराध्यक्ष पांढऱ्या टोपीत आले. एका सदस्यानं तर साहेब किती चांगले होते यावर बोलायलाही सुरुवात केली. तेवढ्यात साहेब बूट हातात घेऊन फाटकातून आत. एवढी गर्दी पाहून टोपीवाल्या अध्यक्षांना हळू आवाजात विचारतात, "कोण गेलं हो?"

अध्यक्ष म्हणाले, "तुम्हीच!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या स्टाफला बोलावून तोंडी आदेश दिला. "यापुढे फोनवर 'काहून' हा शब्द कोणीही वापरायचा नाही. सरळ 'का' म्हणायचं."

मागून देवसिंगनं हात वर केला. "काहून जी?"

*

आणि मग तो मोठा पाऊस आला. सकाळी आठला सुरू झाला आणि दुपारी दोनपर्यंत श्वास घेतला नाही. वरच्या शेतांतलं सगळं पाणी नाल्यात. आमची अख्खी गँग खालच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याखालच्या मोरीजवळ, कंबरभर पाण्यात. लोखंडी आकड्यांनी कचरा ओढत होती, मोरी मोकळी ठेवत होती. साहेबांनी पॅन्ट वर दुमडलेली, मी शेवटी शर्टच काढून ठेवला होता.

सगळ्यांची नजर मात्र अनुसयाबाईच्या घराकडे. घराला तीन पायऱ्या. पहिली बुडाली. तासाभरानं दुसरी बुडाली. मला खरंच भीती वाटली. दुर्बीण, बादली, पऱ्हाटी, सगळी गंमत डोक्यातून गेली. त्या बंद दाराआड एका बाईचं सबंध वर्ष आढ्यापर्यंत रचलेलं आहे, एवढंच दिसत होतं.

"देवसिंग, कापूस वर काढू का रे?" मी ओरडलो.

"एवढा कापूस नेता कुठी साहेब? मोरी सोडू नका!"

अनुसयाबाई स्वतः कुलूपबंद दाराला पाठ लावून उभी. रडणं नाही, ओरडणं नाही. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं, तिथं थांबलं, थोडा वेळ विचार केल्यासारखं थांबलंच, आणि मग इंच-इंच उतरायला लागलं. दुसरी पायरी दिसली तेव्हा देवसिंगनं आकडा फेकून दिला आणि गँगनं जो गलका केला, तो दिग्रसपर्यंत ऐकू गेला असेल! साहेबांनी मला मिठीच मारली, गाळासकट.

मग साहेबांना सुचलं. पेपरवाला आलाच होता. "बाई, दार उघडा. कोरडा कापूस हातात घेऊन तुमचा फोटो काढू. मागे आमची गँग!"

"कायले जी फोटो?" बाई जागची हलेना.

"अहो, लोकांना कळू द्या! एक बोंड भिजलं नाही!"

"किल्ली सापडून नाही राह्यली."

"याडी, किल्ली तुह्या कमरेले हाय," देवसिंग म्हणाला.

बाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि कुलूप काढलं.

आत कापसाचं एक बोंडही नव्हतं. खोली स्वच्छ सारवलेली. खाटेवर तिची अंथरुणाला खिळलेली सासू, आणि पायथ्याशी शेजारपाजारची पाच-सहा लेकरं, पाण्यात पळू नयेत म्हणून कोंडलेली, रांगेत, कोरडी, मुरमुरे खात बसलेली.

"बाई, कापूस?" साहेबांच्या तोंडून एवढंच निघालं.

"तो त म्या संक्रांतीलेच इकला जी."

"मग दर सोमवारी येऊन आम्हाला कापूस, कापूस काय सांगत होता?"

अनुसयाबाईनं पदर खोचला.

"मंग काय सांगू? कापसासाठी त धावून आले तुमी. मानसं त दरसालच भिजतेत!"