बाईंचं घर आणि माझ्या शंका

कोणी गोड बोलायला लागलं की मी आधी पर्स पोटाशी धरते. स्वभावच आहे, आणि नोकरीने त्याला खतपाणी घातलं. तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत येणारे-जाणारे कागद नोंदवले. त्या टेबलावर बसलेलं माणूस जगात कोणावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या सहीवरसुद्धा नाही.

माझ्याकडे सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या बाई मूळच्या वाशीमकडच्या. नवरा मार्केट यार्डात हमाली करतो, एक मुलगी. वारज्यात एका खोलीत भाड्याने राहायच्या. एका खोलीत म्हणजे एका वेळी एका. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक भाडं वाढवायचा नाहीतर भाचा येतोय म्हणायचा, आणि यांचा संसार टेम्पोत चढायचा. या घरमालकांना इतके भाचे कुठून होतात कोण जाणे. बाईंना एकच हवं होतं, मुलीची दहावी एका पत्त्यावर पार पडावी.

एक दिवस पोळ्या लाटताना त्या म्हणाल्या, "काकू, एक संस्था हाये. रविवारी शाळेच्या हॉलात शिकवतात, पैसे कसे मागं टाकायचे ते. वर्षभर नेमानं टाकले की घरासाठी नाव देतात. खडकवासल्याच्या रस्त्याला बिल्डिंग होऊन राह्यली. घर बाईच्या नावावर."

"आणि त्यांना काय मिळतं?" मी विचारलं.

"ते मले नाही माहीत."

"तेच माहीत हवं."

पुढच्या रविवारी मी बाईंबरोबर गेले. एक चष्मेवाली मुलगी फळ्यावर भाडं, किराणा, आजारपण असे रकाने पाडून शिकवत होती. शिकवणं चांगलं होतं, त्यामुळे मी जास्तच सावध झाले. वर्ग संपल्यावर तिला गाठलं आणि नोंदणीचा दाखला मागितला. तिने लगेच काढून दिला. इतका हाताशी ठेवलेला दाखला मला कधीच बरा वाटलेला नाही.

"यात तुमचा काय फायदा?" मी विचारलं.

"मला पगार मिळतो, काकू. संस्थेला देणग्या येतात, त्यातून."

"आणि देणगी देणाऱ्यांना?"

"ते मी कधी विचारलं नाही," ती हसून म्हणाली. मी हसले नाही.

तरी बाईंचं मन मोडवेना. वर्षभर त्यांनी एकही रविवार चुकवला नाही, सणाची साडीसुद्धा घेतली नाही. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कागद लावायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आधार, रेशनकार्ड, भाडेकरार, सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. मग आमच्या कचेरीतल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक प्रतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि मधे ठळक लिहिलं, 'फक्त चौकशीसाठी. अन्य कामास ग्राह्य नाही.' उद्या कोणी या कागदांवर बाईंच्या नावाने कर्ज उचललं तर? प्रत्येक प्रतीवर बाईंची सही घेतली. संपर्कासाठी नंबर माझा दिला, म्हणजे दलालांचा त्रास झालाच तर मला होईल. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

नंतरच्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "नमस्कार, घराच्या योजनेसंदर्भात..." एवढं ऐकलं आणि "नको आहे" म्हणून मी ठेवून दिला. असे फोन मला दिवसाला तीन येतात. तो पुन्हा आला तेव्हा मी उचलला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा नंबर ब्लॉक केला.

यादी लागली. बाईंचं नाव नव्हतं. सोमवारी त्या आल्या, कणीक मळायला घेतली, आणि परातीकडे बघतच म्हणाल्या, "काकू, रेघा मारलेले कागद चालले नाही म्हणे. साधे द्या म्हणून त्यायनं फोन केले, रविवार यायच्या आत मुदत सरली. नंबर तुमचा होता ना."

मी म्हणाले, "फोनवर काय सांगतात असं? घरी माणूस पाठवायचा." बाईंनी मान डोलावली. मला तेव्हाच माफी मागायला हवी होती. ती जिभेवर आली होती आणि मी ती गिळली, याची मला आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी त्यांची खोली पुन्हा बदलली. मुलीची शाळा दोन बस दूर गेली, ऐन दहावीत. बाई माझ्याकडे यायच्या थांबल्या नाहीत, पोळ्या तशाच मऊ होत्या. फक्त बोलणं भाजीपुरतं उरलं. त्या अजून रविवारी वर्गाला जातात हे मला खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडून कळलं; बाई तिच्याकडेही पोळ्या करतात. दुसरी यादी निघणार आहे हेही तिच्याकडूनच.

मला राहवेना. एका दुपारी मीच संस्थेत फोन लावला. उचलला त्या चष्मेवाल्या मुलीनेच. मी नाव सांगितलं. बाईंच्या अर्जाचं काय झालं, काही कमी असेल तर मी हजर आहे, शपथपत्र लागलं तर तेही देते, असं एका दमात बोलून गेले.

"काकू, ती माहिती आम्ही बाहेर देत नाही."

"मी बाहेरची नाही. पहिला अर्ज मीच भरला होता."

"हो, माहीत आहे," ती फार सौम्यपणे म्हणाली. "म्हणूनच. या वेळी त्यांनी लेखी दिलंय. तुमचा फोन आला तर काही सांगू नये, असं."

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी आल्या. चेहऱ्यावरून काही कळतं का, हे मी पोळ्या होईपर्यंत ओट्याजवळ उभी राहून बघत होते. या वेळी घर मिळेलसं दिसतं का, एवढंच विचारायचं होतं. त्या पदराला हात पुसून निघाल्या, आणि मी त्यांच्यामागे दार लावून घेतलं.