सावलीतली खुर्ची धरायचीय

मंडळी, सकाळपासून एकटीच हसायलेय, म्हणून लिहिते.

अमेरिकेतल्या लेकीचा फोन होता. मे महिन्यात आमी दोघं तिच्याकडं जाणार, तिथून चार दिवस कॅरिबियनच्या एका बेटावर.

"आई, तिथं करायला काहीच नसतं. समुद्राकाठी खुर्चीवर निवांत पडायचं."

"मग येलदरीच्या धरणावर बसू की," आमचे हे स्पीकरवरचा फोन हातात घेत म्हणाले.

"पण बाबा, सावलीतल्या खुर्च्या सकाळीच जातात. लोक टॉवेल टाकून ठेवतात."

"झालं! उन्हात बसायला एवढं लांब? रद्द कर."

मी फोनच हिसकावला. नव्वदच्या आधी मी सोनपेठला मास्तरीण होते. बाजाराच्या दिवशी परभणीची एसटी लागली की लय गर्दी. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. एकदा रुमाल सापडंना, तर कडेवरच्या ह्याच लेकीला खिडकीतून सीटवर बसवलं. जागा मिळाली!

"तू तिकिटं काढ," म्हणलं. "टॉवेल कमी पडला तर तुझ्या बाबांनाच टाकते खुर्चीवर."

तेव्हापासून हे माळ्यावरची बॅग काढून पुसायलेत.

तुमी काय काय टाकून जागा धरलीय? खरं सांगा.