बिनटायरच्या सायकलीवरून सासुरवाडीला

माझ्या सासुरवाडीत एक रीत होती. भात झोडून झालं, नवा तांदूळ शिजवायचा दिवस ठरला, की लेकी-जावयांना बोलावणं यायचं. सासूबाई अंगणात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असायच्या. जो आधी पोचेल त्याच्या पायांवर पहिलं पाणी. आणि ज्याच्या पायांवर पहिलं पाणी, त्याला सासऱ्यांच्या उजव्या हाताचा पाट आणि कोंबड्याची तंगडी. थोरला कोण, धाकटा कोण, हे तिथे कोणी विचारत नसे. मी थोरला जावई. लग्न ठरवताना मी मांडवापासून वाजंत्र्यांपर्यंत एकेक गोष्ट घासाघीस करून मिळवली होती. ही रीत मात्र तेव्हा मला कोणी सांगितलीच नाही.

धाकट्या मेव्हणीचं लग्न होईपर्यंत काही बिघडलं नव्हतं. मग साडू आला. तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरी, राहायला कॉलनीतली खोली आणि बुडाखाली स्कूटर. आम्ही नवरा-बायको बोईसरहून एसटीने जायचो, मनोरला गाडी बदलायचो, शेवटचा तुकडा पायी तुडवायचो. पोचेपर्यंत हा पाय धुऊन पाटावर बसलेला. लागोपाठ दोन वर्षं हेच झालं. वर मला म्हणायचा, "या दादा, बसा." माझ्या सासऱ्यांच्या घरात मला बसा म्हणणारा हा कोण?

माझं बोईसरला स्टेशनजवळ सायकलींचं दुकान होतं. सुरुवात केली ती सरावलीच्या रस्त्यावर, झाडाखाली, एक पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं घेऊन. पुढे कारखान्यांच्या कामगारांना सायकली भाड्याने देऊ लागलो. सालवडचा एक गिऱ्हाईक सायकल परत करताना सांगून गेला की महामार्गाच्या पलीकडे डोंगरातून नवा रस्ता काढलाय. खडी दाबून झालीय, डांबर पडायचं आहे, वाहन म्हणून एक नाही. रस्ता डोंगर चढतो आणि घळीतून थेट नदीवर उतरतो. नदीच्या पलीकडच्या काठावर माझी सासुरवाडी. स्कूटरला जुन्या पुलावरून केवढा वळसा पडतो हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मी दुकानातली सगळ्यात दणकट काळी सायकल बाजूला काढली आणि तिला नवे टायर चढवले.

पहाटे पाळीच्या बसगाड्या सुटायच्या आत निघालो. बायको मागे कॅरियरवर, तिच्या मांडीवर सुक्या बोंबलांची टोपली, वडिलांसाठी. महामार्ग ओलांडला आणि खडी सुरू झाली. मी बोईसरच्या रस्त्यावर रोज रिक्षा आणि टँकरवाल्यांशी भांडत जगलेला माणूस. इथे भांडायला कोणीच नव्हतं. दोन्हीकडे साग, मध्ये पांढरा कोरा रस्ता आणि टायरखाली खडीची करकर. मी उगाच घंटी वाजवली. बायको म्हणाली, "कोणाला बाजूला करताय, वारुळाला?"

पहिल्या चढाच्या तोंडाशी साखळी होती. साखळीला लाल फडकं आणि फडक्याशेजारी कानटोपीतला एक म्हातारा रखवालदार. त्याने काठी आडवी धरली. रस्त्याच्या कामावरचा साहेब त्याला सांगून गेला होता की या रस्त्यावर पहिली गाडी पुढाऱ्याची जाणार. नारळ फुटेल, मगच बाकीच्यांच्या गाड्या. पुढारी कधी येणार, विचारलं. म्हणाला, "येल. दोन पावसाळे वाट बघतो हाय."

मी म्हटलं, ही गाडी नाही, सायकल आहे. चाकं आहेत म्हणजे गाडीच, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, बैलगाडी? ती पण नाही. मग नुसता बैल?

"बैल जाल," तो म्हणाला. "माणूस पण जाल."

मी विडी पुढे केली, त्याने घेतली नाही. बोंबील दाखवले, त्यांच्याकडे नुसतं बघितलं. असा माणूस मला बाजारात कधी भेटला नव्हता, त्यामुळे माझं डोकं आणखी तापलं. बऱ्याच ओढाताणीनंतर सौदा ठरला: सायकल खांद्यावर घेऊन जायला हरकत नाही. खांद्यावर आहे तोवर ती ओझं, गाडी नाही.

तर गावातल्या गल्लीपेक्षा रुंद आणि पूर्ण मोकळ्या रस्त्याने मी सायकल खांद्यावर घेऊन चढू लागलो. मागे टोपली घेऊन बायको. तिच्या मागे रखवालदार, मी लबाडी करतो का ते बघायला. माथ्यावरच्या वळणावर दम खायला सायकल टेकवली, तर लगेच म्हणतो, "टायर टेकला."

"साहेबाचे शब्द काय होते, ते नीट सांग," मी म्हटलं.

तो प्रामाणिक माणूस. डोळे मिटून त्याने आठवलं. "बोलला, पुढाऱ्याच्या आधी या खडीवर टायर चालला नाय पायजे."

"टायर. बाकी चाकाबद्दल काही बोलला?"

"नाय. टायर बोलला."

हत्यारांची पिशवी माझ्याजवळ असायचीच. मी तिथेच बसून दोन्ही टायर उतरवले, ट्यूब पिशवीत कोंबल्या आणि टायर गळ्यात अडकवले. रखवालदार उकिडवा बसून बघत होता. त्याने नुसत्या रिमांवर एकदा बोट फिरवलं आणि मान हलवली. ती माझी आयुष्यातली सगळ्यात अवघड बोलणी, आणि मी ती जिंकली होती.

"रिमा जातील," बायको म्हणाली. दुकानात बसून तिला सगळं कळायला लागलं होतं.

"जाऊ देत."

"मग एकटे बसा. माझी हाडं काय दुकानातली नायत." तिथून एक जुनी पायवाट सरळ नदीकडे उतरत होती. लहानपणी ती त्याच वाटेने गुरं आणायची. "तुमी रस्त्यानं या. मी वाटेनं जाते." मीही म्हटलं, हो पुढे. कॅरियरवरचं वजन कमी झालं तर मला बरंच होतं.

मग जो उतार लागला तो मी विसरणार नाही. लोखंड खडीवर असं वाजत होतं की अख्खी घळ भांड्यांच्या दुकानासारखी खणखणायला लागली. रस्ता कड्याला चिकटून गोल गोल उतरत होता. खाली नदीचं हिरवं पाणी, पलीकडच्या कड्यावरून माकडं हूप हूप करत होती. समोरून येणारं कोणी नाही, मागून हॉर्न नाही. ब्रेक दाबले की सायकल थांबायच्या ऐवजी बाजूला चालायची. माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि मी मोठ्याने हसत होतो. साडू महामार्गावर ट्रकांच्या मागे धूर खात असेल, एवढंच डोक्यात होतं.

तळाला गोल रिमांचे कोनाकोनांचे काहीतरी झाले होते आणि रस्ता संपला होता. नदीत पुलाचे दोन खांब उभे होते. पूल नव्हता. तो पुढारी आला असता तर गाडीतून उतरून धोतर वर करून गेला असता. मी सायकल पुन्हा खांद्यावर घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलो.

अंगणाच्या कुडाजवळ आलो. स्कूटर नव्हती. मी सायकल तिथेच टाकली, आत शिरलो आणि सासूबाईंपुढे पाय केले.

तांब्या रिकामा होता. ओसरीवर, सासऱ्यांच्या उजव्या हाताच्या पाटावर, माझी बायको बसली होती. पाय धुतलेले.

मी सासऱ्यांना म्हटलं, हा मान जावयाचा आहे. लेक तर घरचीच. ते भाताच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "पहिलं आलं त्याला पाणी. मी कधी जावई बोललो?" मी मागच्या दोन वर्षांचे दाखले दिले. तेव्हाही लेकी आधी आल्या असत्या तर त्यांनाच पाणी मिळालं असतं, असं त्यांचं उत्तर. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. एवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. साडूने कुडाशी पडलेली सायकल बघितली, मग मला बघितलं. टायर अजून गळ्यातच होते.

"दादा, हार कोणी घातले?"

जेवायला बसलो. कोंबड्याची तंगडी बायकोच्या पानात पडली. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "अर्धी देऊ?"

आता अर्धं मिळत असताना घ्यावं, हे मी दुकानात दहा जणांना शिकवलेलं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, पूर्ण माझ्या हक्काची आहे, अर्धी नको. तिने खांदे उडवले आणि अर्धी साडूच्या पानात वाढली. त्याने घेतली.

तो रस्ता पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला, डांबराशिवाय, पुलाशिवाय. मी नव्या रिमा घालून त्यावर पुष्कळदा गेलो. रखवालदार मला बघून स्वतःच साखळी खाली करायचा, टायर गळ्यात दिसले की. पण सांगायचं ते एवढंच, की त्या दिवशी मी स्कूटरच्या आधी पोचलो होतो. हे त्या घरात आजवर एकानेही तोंडाने म्हटलेलं नाही.