न्हाणीतलं बटण

स्वयंपाकघरातलं सेफ्टी सॉकेट, ओल लागून वीज गळली की बटण बाहेर उडून प्रवाह तोडणारं, बंद पडलं. बटण दाबून दाबून मुलाचा अंगठा दुखला, तरी ते आत बसेना.

"बाबांचं वायरिंग जुनं झालंय. सगळं उपसून नवीन करू," तो म्हणाला.

बाबा निवृत्त वायरमन होते. घरभर वायर त्यांनीच ओढली होती, पण आता नजर अधू झाली होती. आई मात्र उठली. तीस वर्षं नवऱ्याची शिडी धरून तिने प्रत्येक वायरची वाट पाठ केली होती.

"मेनचे स्विच चालू आहेत आणि बटण बसत नाही, म्हणजे इथे वीजच पोचत नाही. याची वीज न्हाणीतल्या सॉकेटवरून पुढे घेतलीय. ते बघितलंस?"

"आई, तू कधी वायरमन झालीस?"

"तू जन्मायच्या आधी."

न्हाणीतल्या सॉकेटचं बटण उडालं होतं आणि मुलाचा ओलाचिंब ट्रिमर तिथेच चार्जिंगला लटकत होता. आईने मेन बंद करून तो काढला, सॉकेट कोरडं असल्याची खात्री केली, मेन चालू केला आणि बटण दाबलं. मग स्वयंपाकघरातलं बटणही आत बसलं आणि मिक्सर घरघरला.

बाबांनी मान वर केली. "वायरिंग कुणाचं रे?"

"तुमचं, बाबा."

"चूक. आमच्या दोघांचं."