दोन डाव्या बाह्या

पडद्यामागे उभं राहून दुसऱ्याचं भांडण ऐकू नये म्हणतात. पण पडदा शिंप्याच्या दुकानातल्या ट्रायलच्या खोलीचा असेल आणि आपण तिथे काजं केलेल्या शर्टांचा गठ्ठा सोडून बसलेलो असू, तर कान काय घडी घालून ठेवायचे?

"बाईच्या हातात कात्री? गिऱ्हाईक काय म्हणेल?" मालक विचारत होते.

"गिऱ्हाईक कोट अंगात घालतं," मास्तर म्हणाले. "कापणाऱ्याला नाही घालत."

आता शिंप्याच्या दुकानात मास्तर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. शिवणारे पुष्कळ, आमच्यासारख्या काजं-बटणं करणाऱ्या बायाही पुष्कळ. कापणारा मात्र एकच, आणि त्यालाच मास्तर म्हणायचं. खिडकीजवळचं लांब टेबल त्याचं. तिथे दुसऱ्या कुणी चहाचा कपसुद्धा ठेवायचा नाही. तर या मास्तरांचा हात थरथरायला लागला होता आणि मालकांनी बाहेरून कुणी कापणारा आणायचं ठरवलं होतं. मास्तर म्हणत होते, माणूस दुकानातच आहे, मी केव्हापासून शिकवतोय तिला.

'तिला' म्हणजे माझ्या धाकट्या जावेला.

मालक उसळलेच. दुकान माझं आणि शाळा तुमची, असं म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी अट घातली. वकीलसाहेबांचा राखाडी लोकरीचा कोट तिने कापायचा. बसला तर टेबल तिचं. बिघडला तर तिने काजंसुद्धा दुसरीकडे करावीत, आणि मास्तरांनी घरी बसावं.

मास्तर "बरं" म्हणाले. दोघांची भाकरी एका कोटावर टांगली आणि नुसतं बरं!

हा वकील अंगाने आडवा आणि एका खांद्यात उतरता. त्याला कुणाचाच कोट धड बसत नसे. मी घरी येऊन जावेला सगळं सांगितलं. ती पांढरी पडली. आणि विचारते काय, "जाऊबाई, कापड किती आहे?"

अशीच होती ती. काजं करताना डोळा सदा मास्तरांच्या टेबलावर. रद्दीच्या कागदाचे एवढाले कोट कापायची. ते मास्तरांनी कधीतरी पाहिले, उलटसुलट केले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात खडू दिला. दुकान बंद व्हायच्या आधीचा वेळ तिचा. घरी आम्ही दोन खोल्यांत सगळे. पोरं माझीही आणि तिचीही, सांभाळायच्या सासूबाई. शेजारणीने एकदा टोचलंच, की तुमची सून कात्री चालवते म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "दुकानात चालवते ना? घरात जिभेची चालवण्यापेक्षा ते बरं." शेजारीण पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

कोट कापायच्या दिवशी मास्तर दोन्ही हात खिशात घालून बाजूला बसले, म्हणजे मदतीचा मोह नको. खडू हिचा, कात्री हिची. पाठ कापली, पुढचे भाग कापले, उतरत्या खांद्याची सूट बरोबर सोडली. बाह्या शेवटी. तोवर कापड एवढंसंच उरलेलं. दुहेरी घडी बसेना, म्हणून एकेक बाही वेगळी कापली आणि दुसऱ्या वेळी कागदाचा नमुना उलटा ठेवायला विसरली. झाल्या दोन्ही डाव्या. वकिलाला दोन डावे हात असते तर कोट झकास होता.

मास्तरांनी बाह्या एकावर एक ठेवून पाहिल्या. मालक आलेच तेवढ्यात. मास्तर पुढे होऊन म्हणाले, खूण मी चुकीची केली. आयुष्यभराचा लौकिक त्यांनी असा पायपुसण्यासारखा तिच्यापुढे टाकला. पण ही आडवी आली आणि म्हणाली, "नाही. मास्तरांनी हात खिशातून काढलासुद्धा नाही. चूक माझी आहे."

मालक म्हणाले, मग संपलंच.

दुकानात एक इस्त्रीमामा होते. कपड्यावर फवारायला त्यांच्या तोंडात कायम पाण्याची चूळ, म्हणून बोलणं नाही. त्या दिवशी त्यांनी चूळ गिळली. म्हणाले, "एक बाही उलटी करून लावा की. डावीची उजवी होईल. आतल्या बाजूची लव मी बसवतो." लोकर आतून जरा खरबरीत असते, ते झाकलं पाहिजे. कापड वाया जाण्यापेक्षा हे बरं, म्हणून मालक कबूल झाले. मामांनी अख्खी दुपार त्या एका बाहीला दिली. ओला कपडा, वाफ, ब्रश, पुन्हा वाफ. तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं.

ट्रायलच्या दिवशी माझ्याकडे एकही काज बाकी नव्हतं, तरी मी गठ्ठा घेऊन गेले. घरचेच कपडे बांधले होते. मालकांनी जावेला बजावलं होतं, बाहीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. वकीलसाहेब कोट घालून आरशापुढे उभे राहिले आणि ही बया सरळ म्हणाली, "साहेब, एक बाही कापताना चुकले. कापड उलटून लावलीय. कुठली ते ओळखलंत तर कोट परत घेईन."

मालकांनी डोळेच मिटले. वकिलाने चष्मा लावला, खिडकीकडे जाऊन हात वर करून पाहिले, आणि डावी बाही धरून म्हणाला, "ही."

"ती सुलटी आहे," जाऊ म्हणाली.

मामांच्या तोंडची चूळ थेट मालकांच्या शर्टावर. वकीलही हसला. मग त्याने हात फिरवून पाहिले, कोर्टात फिरवतो तसे. खांद्यावर एक चुणी नाही. म्हणाला, "मास्तर, असाच एक काळा शिवायचा."

आमचे मास्तर सवयीने पुढे झाले. वकील म्हणाला, "तुम्ही नाही. मी या मास्तरांना म्हणतोय."

म्हातारा मागे सरला. माणूस मागे सरताना इतका ऐटीत दिसतो, हे मला तेव्हा कळलं. मालकांनी चहा मागवला आणि तिचा कप कुठे ठेवला? टेबलावर.

पुढे ती सगळ्यांची मास्तरच झाली. कुणी मास्तरीण म्हटलं तर म्हणायची, ती शाळेत असते, इथे कोट मिळतात. टेबल तिचं झालं, मालक थकले तसं दुकानही तिच्याकडे आलं. मोठमोठ्या गाड्या दाराशी थांबायच्या. शिंप्यांच्या संघटनेने सत्कार केला तेव्हा तिला दोन शब्द बोला म्हणाले. तिने दोन डाव्या बाह्यांची गोष्टच सांगितली. खडू मास्तरांनी दिला, बाही मामांनी तारली, वेळ सासूबाईंनी दिला, आणि जाऊबाईंनी पडद्यामागून ऐकलं म्हणून घाबरून घ्यायला आधीच सवड मिळाली. एवढ्यांनी मिळून एक कोट कापला, म्हणाली, आणि सत्काराची ढाल एकटीला देताय. पाहुण्यांचा चहा निवला. तिने मामांना हाताला धरून वर आणलं आणि सगळं सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं. मामा बोलले नाहीत. तोंडात पाणी नव्हतं, तरी बोलले नाहीत.

मास्तर गेले त्यानंतर त्यांच्या बायकोचा थंडीचा कोट हीच करायची, थंडी यायच्या आधी स्वतः जाऊन माप घेऊन. म्हातारी दरवर्षी म्हणायची, आहे तो चांगला आहे की. ही म्हणायची, कोट चांगला आहे, तुम्ही बारीक झालात. स्वतःच्या शेवटच्या वर्षीही ही तशीच गेली, हिचीच तब्येत तेव्हा बरी नव्हती तरी. मी सोबत होते. जिना चढून जरा दम खाल्ला, टेप काढली, खांदा मोजला, हात मोजले. म्हातारी कुरकुरली, हिने ऐकून घेतलं. मग टेप गळ्यात टाकली आणि म्हणाली, "बुधवारी ट्रायलला येते हं," आणि कठडा धरून जिना उतरायला लागली.