बिजलीबाईचा संताप

क्रोधाला आपण षड्रिपूंत बसवले आणि निश्चिंत झालो. परंतु ज्या परंपरेने त्याला शत्रू म्हटले, तिनेच मन्यू या नावाने त्याला देवता मानून त्याची सूक्तेही रचली, हे विसरता कामा नये. दुसऱ्याच्या पानातला घास हुडकीत फिरणारा संताप रिपूच होय. जो आधी स्वतःच्या पानावर कोसळतो, तो उपासनेच्या जवळ जातो. शिरपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बिजलीबाईने हे दोन्ही संताप एकाच आठवड्यात भोगले.

दारूने नवरा गिळल्यावर ती ख्रिस्ताकडे वळली होती. ज्याची दारू गाळतात ते मोहाचे फूल विश्वासणाऱ्याच्या घरात असू नये, हा मंडळीचा नियम तिला म्हणूनच देववाणी वाटे. रविवारी कुणाच्या हाती खुरपे दिसले, तर ती बांधावर उभी राहून गरजे. "अक्कांचा आवाज आला की बैलसुद्धा प्रार्थनेला उभे राहतात," असे पाळक जामसिंग हसत म्हणे, आणि घरोघरची झडती तिच्यावरच सोपवी.

१९१८ साली पावसाने दगा दिला. ज्वारी उभ्या उभ्या करपली. आश्विनात विधवा जमनाच्या झोपडीत बिजलीबाईला कणगीमागे एक मडके सापडले. आत चैत्रात वेचून वाळवलेली मोहाची फुले होती.

"हाई काय शे?"

"खावानं शे, अक्का. दारूनं नही. उकडीसन पोरेसले देस."

"पोरेसना आड पाप दपाडस का, जमना?"

बिजलीबाईने मडके उकिरड्यावर उपडे केले आणि जामसिंगाला सांगितले. येत्या रविवारी प्रभुभोजनात जमनाला भाकर आणि प्याला मिळणार नाही, असे त्याने त्याच संध्याकाळी जाहीर केले.

दुसऱ्या सकाळी पाण्याला जाताना तिने पाहिले: जमनाच्या दोन्ही मुली उकिरड्यावर बसून शेणातली फुले निवडीत होत्या, लुगड्याच्या चिंधीला पुसून तोंडात टाकीत होत्या. थोरलीने तिला पाहताच मूठ पाठीमागे लपवली. धाकटीचे चघळणे थांबले नाही.

ओरडण्यासाठी उघडलेले बिजलीबाईचे तोंड तसेच राहिले. मग ती पेटली. जामसिंगावर, नियमावर, आणि सर्वांहून अधिक स्वतःच्या दोन हातांवर. देवालाही तिने सोडले नाही. तू बघत होतास, मग माझा हात का धरला नाहीस, असे ती वाटभर त्याला विचारीत राहिली. घरी येऊन तिने आपली उरलीसुरली ज्वारी पदरात बांधली आणि जमनाच्या दारात नेऊन ठेवली.

"लई जा, अक्का," जमना म्हणाली. "नहीतं सकाय हाईबी उकिरडावर वतशी."

ज्वारी तिथेच ठेवून बिजलीबाई उकिरड्याकडे गेली, उरलेली फुले वेचली, पुन्हा पुन्हा धुतली, उकडली आणि खाल्ली. तो आठवडा तिने त्यांवरच काढला.

रविवारी जमना प्रार्थनाघराच्या उंबऱ्याबाहेर बसली होती. भाकरीची थाळी बिजलीबाईपुढे आली, तशी ती उभी राहिली.

"मना घरमाबी मोह शिजना, भाऊ. मी खादा."

"अक्का, तुम्ही?" जामसिंगाचा चेहरा उतरला. "आता नियम मी तुम्हांला शिकवायचा?"

"नियम माले पाठ शे. पोरेसनी भूक पाठ नव्हती. ज्या प्रभूनी भाकर मोडी, त्यानी कोणले इचारं व्हतं, तुना घरमा काय शिजस म्हणीसन?"

"बस ना, अक्का," मागून कोणी पुटपुटले.

"बससू. पन जमनाजोडे."

ती बाहेर जाऊन जमनाच्या शेजारी बसली. जमना सरकली नाही. आतून आणखी काही बाया उठून आल्या. जामसिंगाने रागारागाने थाळीवर फडके टाकले.

महिन्याने तो स्वतः जमनाच्या घरी गेला. तिने वाढलेला उकडलेला मोह त्याने मांडी घालून खाल्ला, आणि पुढच्या रविवारी पहिली भाकर तिच्याच हाती दिली. बिजलीबाईने त्याचे कौतुक केले नाही. "इतला दिन काय करी राह्यना व्हता?" एवढेच तिने विचारले. दारूवरचा तिचा राग मात्र कधीच निवला नाही. झिंगलेल्या माणसामागे ती म्हातारपणीही केरसुणी घेऊन धावे.

१९४० साली ती गेली. मागे मूल नव्हते, झोपडीही पडली. कबरीच्या दगडावर नाव कोरलेले नाही. त्या मंडळीत मात्र आजही कोणालाही प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याआधी पाळकाला त्याच्या घरी जाऊन जेवावे लागते.