सिधूचं हरवलेलं कडवं

आधीच सांगतो, भूत-आत्मा असलं काही मी मानत नाही. ठाण्याला नौपाड्यात चष्म्याचं दुकान चालवतो, उरलेल्या वेळात गिटार वाजवतो... बस्स. आणि हे घडलं तेही शेकडो लोकांसमोर, उजेडात.

सिधू आमच्या बँडचा गायक. गाणी त्याची, चालीही त्याच्याच. कल्याण पूर्वेच्या चाळीत वाढलेला. मराठीत रॉक चालत नाही असं जो तो ऐकवायचा, तेव्हा हा पाण्याच्या रांगेवर, बंद कारखान्यांवर, आडनावावरून माणूस जोखणाऱ्यांवर गाणी करायचा. आज डोंबिवलीतली कॉलेजची पोरं त्याचीच गाणी घेऊन बँड सुरू करतात. ते बघायला तो राहिला नाही. फुप्फुसाच्या आजाराने चाळिशीच्या आत गेला.

जायच्या काही दिवस आधी मी टिटवाळ्याला त्याच्या घरी गेलेलो. दुपारची वेळ. त्याची आई औषधं आणायला बाहेर गेलेली. "एक नवीन झालंय, ऐक," म्हणाला आणि उशीला टेकून एकदाच गायला. कागदावर काही नव्हतं. रेकॉर्ड करायला मोबाईल काढला तर म्हणाला, "आत्ता नको रे, आवाज बघ कसा झालाय."

तो गेल्यावर ध्रुवपद डोक्यात राहिलं, कडवं मात्र साफ पुसलं गेलं. खूप प्रयत्न केला... नाहीच.

गेल्या वर्षी माजिवड्याजवळच्या एका मैदानात त्याच्या आठवणीत कार्यक्रम ठेवलेला. पुढच्याच रांगेत त्याची आई. मी स्टेजवर चढण्याआधी ती मला म्हणाली, "राजू, त्याचं शेवटचं गाणं म्हण ना रे. मी ऐकलंच नाही."

"मावशी, अर्धंच येतं मला."

"अर्धं तर अर्धं."

मग सगळ्यात शेवटी ते घेतलं. लोकांना सांगितलं, हे गाणं कोणी ऐकलेलं नाही, आणि मलाही पुरतं येत नाही. ध्रुवपद म्हणून झालं. पुढे नुसती गिटार वाजवत राहिलो...

आणि मैदान गायला लागलं.

*ज्या घराला नंबर नाही, त्या घरातला मी,*
*हाक मार, कुठूनही... ओ देईन मी.*

तेच कडवं! ऐकताक्षणी ओळखलं. आणि 'कुठूनही'नंतर सगळे एकदम थांबले, श्वासभर. त्या दुपारी सिधूला बरोब्बर तिथेच खोकला आलेला. चालीत ती जागा नव्हतीच!

ड्रमरने वाजवणं सोडून दिलेलं. समोर मावशी डोळे मिटून गात होती.

नंतर कितीतरी जणांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच — "बाजूचे म्हणत होते, म्हणून मी म्हटलं." लोकांच्या मोबाईलवरची रेकॉर्डिंगं पुन्हा पुन्हा ऐकली. सुरुवात करणारा एक आवाज कुठेच नाही. पहिल्या शब्दापासून सगळे एकत्र.

मावशीला विचारलं, "तुम्हाला कसं येत होतं?"

"मला कुठं येत होतं बाळा? तोंडात आलं." मग माझा हात धरून म्हणाली, "चांगलं लिहिलंय नाही त्याने?"

कोणी म्हणेल, टिटवाळ्याच्या भिंती पातळ असतील. असतील. पण शेजाऱ्याने ऐकलं म्हणून अख्खं मैदान गातं का? मी अजून काही मानायला लागलेलो नाही. पण त्या संध्याकाळचं काय करायचं, तेही मला कळलेलं नाही.